पीयूव्हीचं बाळ आणि त्याचे कागद: नवीन कोडर आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी

पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्हज, रोजच्या बोलण्यात पीयूव्ही, हा फक्त मुलग्यांमध्ये आढळणारा जन्मजात दोष आहे. मूत्रमार्गाच्या मागच्या भागात पातळ पडदे असतात आणि त्यामुळे लघवी अडते. मग मूत्राशयाची भिंत जाड होते, मूत्रनलिका फुगतात, दाब किडनीपर्यंत पोचतो. प्रमाण साधारण ५ ते ८ हजार मुलग्यांमागे एक.

याचा आयसीडी कोड, म्हणजे आजारांच्या वर्गीकरणातला ठरावीक क्रमांक, शोधायला अर्धं मिनिटही लागत नाही: क्यू६४.२. चुका होतात त्या या कोडच्या आजूबाजूला. हायड्रोनेफ्रोसिस (लघवी साचून फुगलेली किडनी) वेगळा लावायचा की नाही, रिफ्लक्स (मूत्राशयातून लघवी उलटी किडनीकडे जाणं) जन्मजात धरायचा की नंतरचा, ऑपरेशननंतर पाच वर्षांनी आलेल्या मुलाला हाच कोड द्यायचा का, आईच्या फाइलवर काय लिहायचं. या प्रश्नांची उत्तरं कोडबुकात जेवढी आहेत तेवढीच डॉक्टरांनी लिहिलेल्या वाक्यातही आहेत. म्हणून हा लेख कोडरइतकाच नोट्स लिहिणाऱ्या रेसिडेंटसाठीही आहे.

इथे कोडची अक्षरं देवनागरीत आहेत, सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच रोमन टाकायची. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा. प्रसूतीच्या प्रकरणातले कोड ओ या अक्षराने सुरू होतात, शून्याने नाही. मूत्रसंस्थेवरच्या शस्त्रक्रियांचे पीसीएस (अमेरिकेतलं भरती रुग्णांच्या शस्त्रक्रियांचं कोडबुक) कोड मात्र शून्याने सुरू होतात, आणि पीसीएसमध्ये ओ आणि आय ही अक्षरं वापरलीच जात नाहीत.

आधी ठरवा: कोणतं कोडबुक?

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन चार्ट कोड करणाऱ्यांना आयसीडी-१०-सीएम लागतं. अमेरिकेत ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि त्यातले मुख्य बदल दर वर्षी १ ऑक्टोबरला होतात. चार्टवरच्या सेवेची तारीख बघूनच त्या वर्षाचं बुक उघडा, आजच्या तारखेचं नव्हे. आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० वापरतात, त्यात मूत्रसंस्थेच्या या दोषांना पाचवा-सहावा अंक नसतो. क्यू६४.२ दोन्हींत सारखाच आहे. पण क्यू६२.११ हा कोड फक्त सीएममध्ये आहे, मूळ पुस्तकात तिथे नुसता क्यू६२.१ आहे. एकाचा कोड दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये टाकला की तो परत येतो. वाईट म्हणजे कधीकधी परत येत नाही, आणि चूक तशीच आकडेवारीत जाऊन बसते.

शब्दही बदलतात. किडनी आणि मूत्रनलिका जुळतात त्या जागेला आपण पीयूजे म्हणतो, अमेरिकन डॉक्टर यूपीजे लिहितो. आपली एमसीयूजी तपासणी (मूत्राशयात औषध भरून लघवी होताना काढलेला एक्स-रे) तिकडे व्हीसीयूजी होते. आणि पीसीएस! आपल्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये 'पीसीएस डायलेटेड' म्हणजे किडनीतला मूत्रसंकलनाचा भाग फुगलेला, तर कोडरच्या टेबलावर पीसीएस म्हणजे शस्त्रक्रियांचं कोडबुक.

पायरी पहिली: निदान पक्कं आहे की प्रश्नचिन्हात?

केस पेपरवर '? पीयूव्ही' असं लिहायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ओपीडीच्या चार्टमध्ये प्रश्नचिन्ह, 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट' यांपैकी काहीही असेल तर क्यू६४.२ लावता येत नाही. त्या भेटीत जे पक्कं दिसलं तेवढंच कोड करायचं, म्हणजे फुगलेली किडनी किंवा लघवीची बारीक धार. भरती रुग्णाच्या बाबतीत अमेरिकन नियम वेगळा आहे: डिस्चार्जच्या वेळीही निदान 'प्रोबेबल' असंच लिहिलेलं असेल, तर हॉस्पिटलच्या कोडिंगमध्ये ते असल्यासारखं धरतात. डॉक्टरांच्या स्वतःच्या बिलाला ही सवलत नाही.

सोनोग्राफीत 'कीहोल साइन' दिसलं, म्हणजे फुगलेलं मूत्राशय आणि त्याखाली फुगलेला मागचा मूत्रमार्ग, तरी कोडरने स्वतः निदान करायचं नाही. निदान पक्कं होतं ते एमसीयूजीने आणि शेवटी दुर्बिणीतून पडदे प्रत्यक्ष बघून. ते डॉक्टरांच्या वाक्यात यायला हवं: 'एमसीयूजीमध्ये मागचा मूत्रमार्ग फुगलेला, सिस्टोस्कोपीत पडदे दिसले, पीयूव्ही टाइप १.' टाइप १, २, ३ ही विभागणी ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये केली. कोडमध्ये टाइपला जागा नाही, पण ऑपरेशन नोटमध्ये तो असावा.

हस्ताक्षराचाही इथे प्रश्न येतो. घाईत लिहिलेले पीयूव्ही, पीयूजे आणि व्हीयूजे (मूत्रनलिका मूत्राशयाला मिळते ती जागा) एकसारखे दिसतात, आणि तिन्हींचे कोड वेगळे आहेत. डिस्चार्ज कार्डवर एकदा तरी पूर्ण नाव लिहा.

पायरी दुसरी: कोणाची फाइल?

पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशय मोठं, पाणी कमी. ही फाइल आईची आहे. तिच्या फाइलवर क्यूचा, म्हणजे जन्मजात दोषांच्या प्रकरणातला, कोड कधीच जात नाही. तिथे ओ३५.ईएक्सएक्स० लागतो: गर्भाच्या मूत्र-जननसंस्थेतल्या दोषामुळे आईला लागलेली देखभाल. हा कोड ऑक्टोबर २०२२ पासून आहे, त्याआधीच्या तारखांना चालणार नाही. शेवटचं शून्य म्हणजे एकच गर्भ. जुळ्यांमध्ये दोष कोणत्या गर्भात आहे त्याप्रमाणे १ किंवा २, आणि सोबत जुळ्यांचा ओ३० मधला कोड. पाणी कमी असल्याचं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर ओ४१.०- त्रैमासिकाप्रमाणे. पुढच्या तपासणीत दोष नाहीच असं ठरलं, तर त्या भेटीला झेड०३.७३.

सोनोग्राफी रिपोर्टमध्ये नुसतं 'माइल्ड डायलेटेशन' असेल तर पुढच्या डॉक्टरला त्याचा उपयोग नाही. किडनीच्या पेल्व्हिसचा पुढून-मागे व्यास मिलिमीटरमध्ये आणि गर्भाचे आठवडे, दोन्ही लिहा. १६ ते २७ आठवड्यांत ४ मिमीपासून आणि २८ नंतर ७ मिमीपासून तो वाढलेला धरतात. जन्मानंतरची सोनोग्राफी शक्यतो ४८ तासांनी करतात, कारण त्याआधी बाळाला लघवी कमी होते आणि फुगवटा प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. मात्र पीयूव्हीचा दाट संशय असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. सोनोग्राफी कितव्या तासाला झाली हे म्हणूनच लिहायचं. क्रिएटिनिनचंही तसंच: पहिल्या दोन दिवसांतला आकडा बराचसा आईचा असतो. नमुन्याची वेळ न लिहिता '१.१' एवढंच लिहिलं तर पुढे कोणीतरी त्यावरून किडनी खराब झाल्याचं ठरवून बसेल.

पायरी तिसरी: पहिला कोड कोणता?

बाळ ज्या हॉस्पिटलमध्ये जन्मलं तिथल्या जन्माच्या भरतीत पहिला कोड नेहमी झेड३८ मधला: नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या एकट्या बाळाला झेड३८.००, सिझेरियनला झेड३८.०१. क्यू६४.२ दुसरा. सगळा खर्च पीयूव्हीवर झाला असला तरी हा क्रम बदलत नाही. तेच बाळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं, तर तिथे झेड३८ वापरायचाच नाही, तिथे क्यू६४.२ पहिला. झेड३८ एका बाळाला आयुष्यात एकदाच मिळतो.

भरतीच्या वेळी आजार होता की नाही, हे सांगणारा पीओए इंडिकेटर क्यू प्रकरणातल्या कोडना लागत नाही. ते सगळे सूट असलेल्या यादीत आहेत.

पायरी चौथी: सोबतचे कोड. वेळ लागतो तो इथेच

नियम असा: दोषाला स्वतःचा नेमका कोड असेल, तर त्याचाच भाग असलेली लक्षणं वेगळी कोड करायची नाहीत. भाग नसलेली, म्हणजे काहींना होतात आणि काहींना नाही अशी, जरूर करायची. पीयूव्हीत लघवीची धार बारीक असणं आणि मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा असणं हे दोषाचंच रूप. ते वेगळं लिहून यादी लांबवू नका.

हायड्रोनेफ्रोसिस सगळ्यांना सारखा नसतो, त्याची वेगळी देखरेखही लागते, म्हणून तो डॉक्टरांनी लिहिला असेल तर आम्ही कोड करतो. डॉक्टरांनी जन्मजात म्हटलं असेल तर क्यू६२.०. कार्डवर नुसतं 'बी/एल एचडीयूएन' (दोन्ही बाजूंची किडनी आणि मूत्रनलिका फुगलेली) असेल तर आधी विचारा. बाळ लहान आहे म्हणून जन्मजात धरून चालायचं नाही.

रिफ्लक्सवर सर्वाधिक चुका होतात. बाळ दहा दिवसांचं, रिफ्लक्स ग्रेड ४, म्हणून नवा कोडर क्यू६२.७ लावतो. पण पीयूव्हीतला रिफ्लक्स बहुतेक वेळा दाबामुळे आलेला असतो आणि डॉक्टर त्याला 'सेकंडरी' म्हणतात. मग कोड एन१३.७- मध्ये जातो: फक्त रिफ्लक्स असं लिहिलं असेल तर एन१३.७०, रिफ्लक्स नेफ्रोपथी (रिफ्लक्समुळे किडनीला झालेली इजा) नाही असं स्पष्ट लिहिलं तर एन१३.७१, नेफ्रोपथी असेल तर मूत्रनलिका फुगलेली आहे का आणि एका बाजूला की दोन्ही, यावर पुढचे अंक ठरतात. थोडक्यात, डॉक्टरांनी तीन गोष्टी लिहायच्या: प्रायमरी की सेकंडरी, कोणती बाजू, नेफ्रोपथी आहे की नाही. ग्रेड १ ते ५ कोडमध्ये येत नाही, पण उपचार त्यावर ठरतो. आणि डीएमएसए स्कॅनवर (किडनीचा न्यूक्लिअर स्कॅन) 'स्कार' म्हणजे व्रण दिसला म्हणजे कोडरने स्वतःहून नेफ्रोपथी म्हणायचं नाही.

लघवीच्या संसर्गाला हात आपोआप एन३९.० कडे जातो. नवजात, म्हणजे जन्मापासून २८ दिवसांच्या आतलं बाळ असेल तर पी३९.३. त्यानंतर जागा माहीत असेल तर जागेचा कोड, उदाहरणार्थ तीव्र पायलोनेफ्रायटिसला एन१०. एन३९.० फक्त जागा लिहिलेली नसताना. कल्चरमध्ये ई. कोलाय आला आणि डॉक्टरांनी तो संसर्गाशी जोडला तर बी९६.२० सोबत.

किडनीच्या दीर्घ आजाराला (सीकेडी) एन१८ मधला कोड, टप्प्याप्रमाणे. ऑक्टोबर २०२० पासून तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग आहेत: ३ए ला एन१८.३१, ३बी ला एन१८.३२. कोडरने टप्पा स्वतः मोजायचा नसतो. डॉक्टर मुलांमध्ये ०.४१३ गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले क्रिएटिनिन, असं मोजतात. म्हणून प्रत्येक ओपीडी भेटीत उंची लिहिलेली हवी, आणि नेमकी तीच राहून जाते. दोन वर्षांखालच्या बाळाला हे टप्पे लागू होत नाहीत. तिथे डॉक्टरांनी सीकेडी लिहिलं पण टप्पा नाही, तर एन१८.९.

किडनी मुळातच नीट न बनलेली, म्हणजे रीनल डिस्प्लेझिया, असेल तर क्यू६१.४. 'व्हॉल्व्ह ब्लॅडर' (पीयूव्हीमुळे बिघडलेलं मूत्राशय) असं लिहिलं असेल तर ते न्यूरोजेनिक ब्लॅडर (नसांच्या दोषाने बिघडलेलं) नव्हे, एन३१ कडे जाऊ नका. डॉक्टरांना नेमका बिघाड विचारा. आणि ऑलिगोहायड्राम्नियॉसमुळे (गर्भाभोवतीचं पाणी कमी असल्यामुळे) फुफ्फुसं अपुरी वाढली असतील तर क्यू३३.६.

एक कार्ड उलगडून बघू

सरावासाठी रचलेलं डिस्चार्ज कार्ड: 'सहाव्या दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलमधून रेफर. वजन ३.१ किलो. बी/एल एचडीयूएन. एमसीयूजी: पीयूव्ही, डावीकडे ग्रेड ४ सेकंडरी व्हीयूआर. युरीन कल्चर ई. कोलाय, यूटीआय, अँटिबायोटिक दिले. नवव्या दिवशी सिस्टोस्कोपी आणि व्हॉल्व्ह फल्गरेशन. क्रिएटिनिन २.४ वरून ०.९.'

पहिला क्यू६४.२, कारण बाळ इथे जन्मलेलं नाही. मग व्हीयूआर म्हणजे रिफ्लक्सला एन१३.७०, कारण नेफ्रोपथीबद्दल एक शब्दही नाही. यूटीआय म्हणजे लघवीच्या संसर्गाला पी३९.३ आणि बी९६.२०. एचडीयूएनसाठी डॉक्टरांना विचारणा. क्रिएटिनिन २.४ हा फक्त आकडा आहे: त्याला 'अक्यूट किडनी इंज्युरी' म्हणायचं की नाही हे डॉक्टरांनी लिहायचं, तोवर कोड नाही. फल्गरेशनला, म्हणजे पडदे जाळून काढण्याच्या शस्त्रक्रियेला, भरती रुग्णासाठी पीसीएसमध्ये ०टी५डी८झेडझेड: टी मूत्रसंस्था, ५ म्हणजे जाळून नष्ट करणं, डी मूत्रमार्ग, ८ नैसर्गिक मार्गातून दुर्बिणीने. पडदा कापून काढला असं लिहिलं असतं तर ५ च्या जागी बी आला असता. 'व्हॉल्व्ह ॲब्लेशन केलं' एवढंच लिहिलं तर कोडर अडतो, म्हणून साधन लिहा: बगबी इलेक्ट्रोड, कोल्ड नाइफ की लेझर.

विचारणा कशी करायची? 'हे एकेआय आहे ना?' असा प्रश्न चुकीचा, कारण उत्तर आपणच सुचवतो आहोत. असं लिहा: 'सहाव्या दिवशी क्रिएटिनिन २.४, डिस्चार्जला ०.९. या बदलाशी संबंधित निदान असल्यास नोंदवावे: तीव्र किडनी इजा, दीर्घ किडनी आजार, अन्य, किंवा सांगता येत नाही.' पैशाचा उल्लेख विचारणेत कधीच येऊ द्यायचा नाही.

शस्त्रक्रिया आणि तपासण्यांचे सीपीटी कोड

डॉक्टरांच्या बिलाला आणि ओपीडीला सीपीटी, म्हणजे शस्त्रक्रिया-तपासण्यांचं दुसरं अमेरिकन कोडबुक, लागतं. पीयूव्ही फल्गरेशन, छेद किंवा रिसेक्शन, तिन्हींना ५२४००. नुसत्या सिस्टोस्कोपीचा ५२००० यातच येतो, वेगळा लावला की क्लेम अडतो. बाळाचं वजन ४ किलोपर्यंत असेल तर मॉडिफायर ६३ (कोडला जोडायचा जादा क्रमांक) लागू शकतो. पण काही कोडना तो चालत नाही, ती यादी बघून मगच लावा, आणि ऑपरेशनच्या दिवशीचं वजन नोटमध्येच हवं. नर्सिंग चार्टवरचं वजन शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

एमसीयूजीला दोन कोड: औषध भरण्यासाठी ५१६००, रिपोर्ट वाचण्यासाठी ७४४५५. कॅथेटर घालणं ५१६०० मध्येच धरलेलं आहे. कॅथेटरचा प्रकार मात्र लिहा. या बाळांना बहुधा ५ किंवा ६ फ्रेंचची फीडिंग ट्यूब घालतात. फुगवलेला फोलेचा फुगा जाड झालेल्या लहान मूत्राशयात मूत्रनलिकांची तोंडं दाबू शकतो.

सोनोग्राफीत पूर्ण रेट्रोपेरिटोनियल तपासणीचा ७६७७० हवा असेल, तर मूत्रविकाराच्या रुग्णात दोन्ही किडन्या आणि मूत्राशय यांचं वर्णन रिपोर्टमध्ये असलं पाहिजे. मूत्राशयावर एक ओळ राहिली की कोड ७६७७५ वर उतरतो. पीयूव्हीच्या बाळात मूत्राशयाचं वर्णन राहून जाणं हा वैद्यकीयदृष्ट्याही मोठा दोष आहे. भिंतीची जाडी आणि लघवीनंतर उरलेलं प्रमाण त्यातच कळतं.

फल्गरेशनबरोबर सुंता केली तर तिचा कोड वेगळा: २८ दिवसांपर्यंत ५४१६०, त्यापुढे ५४१६१. संसर्ग टाळण्यासाठी केली असं कारण नोटमध्ये हवं, नाहीतर पैसे नाकारले जातात.

ऑपरेशननंतरची वर्षं

क्यू प्रकरणातले कोड वयाच्या कोणत्याही टप्प्यावर वापरता येतात, पण दोष अजून असेल तरच. पूर्ण दुरुस्त झाला तर झेड८७.७१८, आणि सोबत आत्ता जे आहे ते: सीकेडी, रिफ्लक्स, मूत्राशयाचा बिघाड. तपासणी सिस्टोस्कोपीत पडद्याचा उरलेला भाग दिसला तर क्यू६४.२ परत पहिला. त्यामुळे फॉलोअपच्या नोटमध्ये 'रेसिड्युअल व्हॉल्व्ह नाही' हे तीन शब्द लिहिणं गरजेचं आहे.

आपल्याकडच्या 'एच/ओ पीयूव्ही' या लिखाणाने मोठा घोटाळा होतो. आपले डॉक्टर त्याचा अर्थ 'पीयूव्हीचा रुग्ण' असा घेतात. अमेरिकन कोडिंगमध्ये 'हिस्ट्री ऑफ' म्हणजे आजार आता नाही. 'एस/पी फल्गरेशन' (फल्गरेशन झालेलं) लिहिल्यानेही दुरुस्ती पूर्ण झाली की नाही हे कळत नाही.

मूत्राशय पोटावर उघडलेलं असेल, म्हणजे व्हेसिकोस्टॉमी, तर त्या काळात झेड९३.५१ सोबत. ती करण्याचा सीपीटी ५१९८०. बंद केल्यावर झेड९३.५१ काढून टाका. जुन्या भेटीचे कोड तसेच पुढे ओढत नेल्याने तो अनेक फाइलींत वर्षानुवर्षं राहतो.

शेजारचे कोड, ज्यांच्याशी गल्लत होते

पीयूजेचं शब्दागणिक बदलतं. जन्मजात 'ऑक्लुजन' असेल तर क्यू६२.११, नुसतं 'ऑब्स्ट्रक्शन' आणि पुढे काही तपशील नाही तर क्यू६२.३९, नंतर उद्भवलेला आणि हायड्रोनेफ्रोसिससह असेल तर एन१३.०. मल्टिसिस्टिक डिस्प्लास्टिक किडनी म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी नव्हे, तिचा कोड क्यू६१.४. घोड्याच्या नालासारखी जोडलेली किडनी क्यू६३.१. हायपोस्पेडियास (मूत्रमार्गाचं तोंड लिंगाच्या खालच्या बाजूला असणं) मूत्रसंस्थेच्या गटात नाहीच, तो जननेंद्रियांच्या क्यू५४ मध्ये. प्रून बेली (पोटाचे स्नायू जन्मतः अपुरे असणं) क्यू७९.४. क्यू६२ मधल्या कोडना डावी-उजवी बाजू सांगणारा अंक नाही, म्हणून बाजू नोटमधून गाळायची असं मात्र नाही.

भारतातल्या क्लेमसाठी

आयआरडीएआय या विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्येत जन्मजात दोषाचे दोन प्रकार आहेत: शरीराच्या दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या भागात असेल तो बाह्य, नसेल तो आंतरिक. पीयूव्ही आंतरिक, हायपोस्पेडियास बाह्य. अनेक पॉलिसी या दोघांना वेगळं वागवतात, आणि टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) येणारं पहिलं पत्र बहुधा हेच विचारतं. डिस्चार्ज कार्डवर 'जन्मजात दोष' एवढंच लिहून पालकांना घरी पाठवलं, तर स्पष्टीकरणासाठी त्यांना पुन्हा हेलपाटा पडतो. 'आंतरिक जन्मजात दोष, निदान अमुक तारखेला' असं पहिल्याच वेळी लिहा, मूळ एमसीयूजी फिल्म किंवा सीडी आणि दिनांकित ऑपरेशन नोट जोडा. पहिल्या सोनोग्राफीची तारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का ते तपासा. केस पेपरवर जन्मापूर्वीची आणि कार्डवर जन्मानंतरची तारीख असेल, तर निदान कधी झालं यावरून वाद होतो आणि क्लेम अडकून पडतो.